साहाय्य केव्हा मागावे? पुणे शहरातील तरुणांच्या मनःस्वास्थ्याचा ऐतिहासिक विचार

१

“याला आता येरवड्यास पाठविले पाहिजे” हा उद्‌गार पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या थट्टेने काढला गेला आहे. नदीपलीकडील येरवडा या गावी एकोणिसाव्या शतकात मध्यवर्ती कारागृह उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वेड्यांचे इस्पितळ. एकाच गावाच्या नावाने तुरुंग व मनोरुग्णालय या दोहोंचा बोध व्हावा हा योगायोग मानला, तरी त्यातून लोकमानसात रुजलेली समजूत मात्र योगायोगाची नव्हती. ज्याचे मन बिघडले तो समाजातून काढून दूर ठेवावयाचा मनुष्य होय, अशी ती समजूत होती. आणि तीमुळे स्वतःच्या मनाची तक्रार घेऊन कोणाकडे जाणे म्हणजे आपण होऊन त्या गावाची वाट धरणे असा अर्थ होऊन बसला.

मनाने खचलेल्या तरुणाने कोणत्या वेळी दुसऱ्याचे साहाय्य मागावे, हा प्रश्न आज वैद्यकाचा व मानसशास्त्राचा मानला जातो. तथापि त्याला स्वतःचा इतिहासही आहे. साहाय्य मागण्याची योग्य वेळ कोणती हे प्रत्येक काळातील कायदा, संस्था व लोकरूढी यांनी मिळून ठरविलेले असते. पुण्याच्या गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात या वेळेच्या दोन कसोट्या आढळतात. पहिली कसोटी इतरांना होणाऱ्या उपद्रवाची, व दुसरी ज्याचे त्याला होणाऱ्या वेदनेची. पहिलीकडून दुसरीकडे झालेले संक्रमण हेच या इतिहासाचे मुख्य सूत्र होय. हे संक्रमण कायद्यात पुष्कळसे पूर्ण झाले असून रूढीत ते अद्याप अपुरे आहे, आणि या अपुरेपणाची किंमत आजचा विद्यार्थी देत आहे.

२

इ. स. १८५८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात वेडासंबंधी तीन कायदे एकापाठोपाठ करण्यात आले. त्यांपैकी छत्तिसावा कायदा वेड्यांच्या इस्पितळांविषयी होता. भटकत असलेल्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पोलिसांनी पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे व दंडाधिकाऱ्याने त्याची रवानगी इस्पितळात करावी, ही त्याची सर्वसामान्य रीत होती. १९१२ साली त्याची जागा इंडियन ल्यूनसी ॲक्टने घेतली. नातलगांनी अर्ज करावा, त्यास दोन वैद्यकीय दाखले जोडावेत आणि दंडाधिकाऱ्याने हुकूम द्यावा, अशी प्रवेशाची वाट या कायद्याने आखून दिली. स्वतःच्या इच्छेने येणारास ‘स्वेच्छा-निवासी’ म्हणून ठेवून घेण्याची तरतूदही त्यात होती. परंतु त्यासाठी इस्पितळाच्या पाहणीकरिता नेमलेल्या दोन अभ्यागतांची संमती आवश्यक होती. म्हणजे ज्यास आपले दुःख स्वतः सांगावयाचे असेल त्याने ते प्रथम दोन परक्या प्रतिष्ठितांना पटवून द्यावयाचे. हा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाची अंमलबजावणी होईपर्यंत, म्हणजे १ एप्रिल १९९३ पर्यंत, एकूण ८१ वर्षे चालू राहिला.

याच्या जोडीस दंडसंहितेचे ३०९ वे कलम होते. आत्महत्येचा प्रयत्न करणारास एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा त्यात सांगितली होती. या कलमाचा परिणाम शिक्षा झालेल्यांच्या संख्येवरून मोजता येणार नाही. जीव नकोसा झालेल्या मुलाने किंवा सुनेने ते बोलून दाखविणे म्हणजे घरावर पोलीस ओढवून घेणे, अशी धास्ती त्याने निर्माण केली, आणि जी गोष्ट सर्वांत आधी सांगितली जावयास हवी ती सर्वांत खोल दडपली गेली.

या काळाच्या अभ्यासात साधनांची एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. इस्पितळांच्या व न्यायालयांच्या दप्तरांत पोलिसांचे, नातलगांचे व डॉक्टरांचे शब्द सापडतात. ज्याच्याविषयी ते लिहिले गेले त्याचा शब्द क्वचितच सापडतो. उलट ज्यांनी स्वतःच्या तारुण्यातील मनःस्थितीविषयी लिहून ठेवले ते आत्मचरित्रकार हे तरून गेलेले लोक होत. जे तरले नाहीत त्यांची आत्मचरित्रे नाहीत. सबब या विषयावरील प्रत्येक विधान या दोन प्रकारच्या मौनांच्या मधील अरुंद वाटेवरूनच करावे लागते.

३

कायद्याची कसोटी उपद्रवाची असतानाच पुण्यात एका घराने वेदनेची कसोटी लावून दाखविली होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. सक्तीचे वैधव्य भोगणाऱ्या तरुण स्त्रीवर गरोदरपणाचा प्रसंग आला म्हणजे तिच्यापुढे आत्मनाश, गर्भपात किंवा नवजात अर्भकाची हत्या याखेरीज मार्ग उरत नसे. अशा स्त्रियांनी येथे येऊन गुप्तपणे व सुखरूपपणे बाळंत व्हावे, अशा आशयाच्या सूचना ब्राह्मणवस्तीच्या गल्लीबोळांतील कोपऱ्यांवर लावण्यात आल्या. सक्तीच्या वैधव्याविषयी १८८४ साली लिहिलेल्या आपल्या मतपत्रात जोतीरावांनी तोवर पस्तीस विधवा तेथे येऊन प्रसूत झाल्याचे नमूद केले आहे. त्या गृहात जन्मलेला यशवंत हा फुले दांपत्याने दत्तक घेतला.

या गृहाची गणना सामाजिक सुधारणेच्या इतिहासात यथार्थपणे केली जाते. पण तरुणांच्या मानसिक आपत्तीच्या इतिहासातही त्यास स्थान द्यावे लागेल. त्याच्या योजनेत तीन गोष्टी होत्या. साहाय्याचे आवाहन अनर्थ घडण्यापूर्वी केलेले होते. येणारीच्या नावाची गुप्तता राखली जात होती. आणि आत घेण्यासाठी तिचा स्वतःचा शब्द पुरेसा होता. नवरा, बाप, दंडाधिकारी यांपैकी कोणाचाही दाखला लागत नसे. आजच्या आपत्कालीन समुपदेशनाची तत्त्वे यांहून फारशी वेगळी नाहीत. त्याच शहरात, त्याच दशकांत, कायदा मात्र मन बिघडलेल्या माणसाला पोलिसांच्या हातून इस्पितळात नेत होता.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणून नावाजले गेले व कोकणातून, देशावरून आणि गोमंतकातून विद्यार्थी येथे येऊ लागले. त्यांच्या पोटापाण्याची सोय समाजाने काही अंशी केली होती. कोणी माधुकरी मागत, कोणी वार लावून जेवत. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थांनी पुढे या व्यवस्थेला आकार दिला. वारावर जेवणाऱ्या मुलाची मिंधेपणाची जाणीव मोठी असे, आणि ही सोय बहुतांशी विशिष्ट जातींपुरतीच होती, या दोन्ही गोष्टी विसरता कामा नयेत. तरीपण या पद्धतीत अभावितपणे एक राखण होती. ठरलेल्या वारी मुलगा आला नाही, किंवा आला व पानावर नुसता बसून राहिला, तर ते एखाद्या गृहिणीच्या ध्यानात येण्याचा संभव होता. भूक मंदावणे व माणसांत न येणे ही खिन्नतेची दोन ठळक लक्षणे आज मानली जातात. ती पाहणारा डोळा त्या व्यवस्थेत होता. मात्र जे दिसले त्याला नाव देण्याची भाषा त्या डोळ्यापाशी नव्हती.

१८९९ च्या अखेरीस गोमंतकातील साखवाळ गावचा तेवीस वर्षांचा एक तरुण असाच पुण्यास आला. ते धर्मानंद कोसंबी. प्रापंचिक जीवनात न रमणारे मन, वारंवार घर सोडून जाण्याची ओढ आणि त्यातून येणारी अस्वस्थता यांचे प्रांजळ वर्णन त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मकथनात केले आहे. पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा सल्ला व आधार लाभला. पुढे ग्वाल्हेर, काशी, नेपाळ व सिंहलद्वीप असा प्रवास करून बौद्ध विद्येत पारंगत झालेले कोसंबी १९१२ साली फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक म्हणून पुण्यास परतले.

या उदाहरणावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, थोर पुरुषांची तारुण्यातील तळमळ हे त्यांच्या थोरपणाचेच पूर्वचिन्ह असते व तिच्यात साहाय्याची गरज नसते. हा निष्कर्ष सदोष आहे. कोसंबींना पुण्यात जे मिळाले ते साहाय्यच होते. एका वृद्ध विद्वानाने अनोळखी तरुणाचे म्हणणे ऐकून घेतले व ते वेडगळ म्हणून बाजूस सारले नाही. परंतु असे साहाय्य व्यक्तीच्या सौजन्यावर अवलंबून होते. भांडारकरांच्या दारापर्यंत पोहोचण्याइतके धैर्य व शिक्षण ज्याच्यापाशी नव्हते त्याच्यासाठी दुसरे दार नव्हते.

५

दार ठोठावण्याचे धैर्य नसलेल्यांना एक आडवाट १९२७ साली उपलब्ध झाली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी त्या वर्षी जुलैमध्ये मुंबईस ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले व १९५३ साली निधन होईपर्यंत ते चालविले. मासिकाचा मुख्य विषय कामविज्ञान व संततिनियमन हा असला, तरी त्यातील वाचकांच्या पत्रांचे सदर हे मनःस्वास्थ्याच्या इतिहासाचे साधन म्हणूनही महत्त्वाचे आहे. शरीरधर्मासंबंधीच्या अज्ञानातून उत्पन्न झालेली पापभावना, आपण कायमचे दुबळे झालो ही भीती, कोणास विचारावे हे न कळल्याने आलेला एकलेपणा, असे प्रश्न घरात किंवा शाळेत उच्चारणेही शक्य नव्हते. कर्वे त्यांना रोखठोक व शास्त्रीय उत्तरे देत.

या उत्तरांची किंमत त्यांना मोजावी लागली. १९३१ साली पुण्यातील सनातनी मंडळींच्या तक्रारीवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला व दंड झाला. १९३४ सालच्या दुसऱ्या खटल्याचा विषय तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच होता. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. खटला हरला व पुन्हा दंड झाला. या निकालाचा मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने अर्थ लावावयाचा तर तो असा की, तरुणाने प्रश्न विचारणे व जाणत्याने त्याचे उत्तर देणे ही क्रियाच संशयास्पद ठरली. साहाय्य केव्हा मागावे याचे ज्ञान तरुणास नसते, असे म्हणणे सोपे आहे. या प्रकरणात त्यांनी वेळीच विचारले होते व शिक्षा उत्तर देणारास झाली.

६

मुंबईत १९३७ साली टाटा समाजकार्य संस्थेच्या आश्रयाने बालमार्गदर्शन केंद्र आणि १९३८ साली जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. मनोविकारासाठी कोंडून न घेता, सकाळी येऊन दुपारी घरी परतता येईल अशी उपचारपद्धती यातून आली. पुण्यात विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली व लगेच १९५० मध्ये प्रा. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उघडण्यात आला. मन हा प्रयोगशाळेत अभ्यासावयाचा विषय झाला, ही मोठीच गोष्ट होती. १९५५ साली स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यांतून येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाची व्यवस्था हाती घेतली व वाराच्या जेवणातील मिंधेपणास स्वाभिमानी पर्याय दिला. अशा रीतीने स्वातंत्र्योत्तर पुण्यात विद्यार्थ्याच्या पोटाची चिंता एका संस्थेने वाहिली व मनाचा अभ्यास दुसरीने केला. परंतु या दोन प्रवाहांचा संगम होऊन विद्यार्थ्याच्या मनाची चिंता वाहणारी व्यवस्था निर्माण होण्यास आणखी कित्येक वर्षे जावी लागली.

त्या दृष्टीने २९ ऑगस्ट १९८६ हा दिवस उल्लेखनीय आहे. त्या सुमारास ‘गर्द’ या मादक द्रव्याने महाराष्ट्रातील शहरांतील तरुणांना ग्रासले होते. डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी उपचाराची बाजू उचलली. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले आणि त्या दिवशी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याचा प्रारंभ मनोरुग्णालयाच्याच आवारात व्हावा यात इतिहासाचे एक वर्तुळ पुरे झाले. ज्या आवारात तरुणांना हुकुमाने नेले जाई, तेथे ते आता बरे होण्याच्या इच्छेने येऊ लागले. व्यसनी मुलगा हा गुन्हेगार किंवा कुलकलंक नसून आजारी आहे, ही भूमिका तेथे घेतली गेली. बरे झालेल्यांनी नव्याने येणारांना हात द्यावा, तसेच पत्नींनी ‘सहचरी’ गटात एकत्र येऊन आपले दुःख बोलावे, अशीही योजना झाली. येरवड्याचा उंबरठा तोच होता; तो ओलांडण्याचे कारण बदलले होते.

७

यानंतरच्या काळात कायद्याने आपली कसोटी क्रमाक्रमाने बदलली. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते पुन्हा वैध ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले व तिची शुश्रूषा ही शासनाची जबाबदारी ठरविली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम पूर्वीच्या स्वरूपात उरलेले नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हे जीविताच्या मूलभूत हक्काचे अंग असल्याचे सांगून शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा असा निर्देश दिला. पुण्यात २००५ पासून ‘कनेक्टिंग’ ही संस्था खचलेल्या माणसांचे ऐकून घेण्याचे काम करीत आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे. आज साहाय्य मागणारास दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागत नाही व अभ्यागतांची संमतीही लागत नाही.

असे असूनही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांबाबत उपचारावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ इतके आढळले. १३ ते १७ या वयोगटात विकारांचे प्रमाण शेकडा ७.३ होते, तर महानगरांत ते १३.५ होते. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले व त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, म्हणून पुण्याविषयी त्यावरून थेट अनुमान काढणे योग्य होणार नाही. पण निम्मे मनोविकार चौदाव्या वर्षापर्यंत व तीनचतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू होतात, हे अमेरिकेतील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचे निष्कर्ष लक्षात घेता, विद्यार्थ्यांचे शहर म्हणविणाऱ्या पुण्यास या प्रश्नातून अंग काढून घेता येत नाही. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा तरुण वर्षानुवर्षे एका निकालाकडे डोळे लावून बसतो. जेवण खानावळीतून येते; डबा परत गेला तर तो का परत गेला हे विचारणारी गृहिणी तेथे नाही.

साहाय्य मागण्याची वेळ ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. उदासपणा किंवा कशातच मन न लागणे दोन आठवडे सलग टिकून राहिले, झोप व भूक बिघडली, अभ्यासावरून लक्ष उडाले, स्नेह्यांना टाळावेसे वाटू लागले, किंवा मद्याचा आधार लागू लागला, तर जाणत्याकडे जाण्याची वेळ झालेली असते. आणि मरणाचे विचार येऊ लागले तर दोन आठवडे मोजावयाचे नसतात. त्याच दिवशी कोणाला तरी सांगावयाचे असते. सोबत राहणाऱ्या मित्रानेही तसा संशय आल्यास सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. मित्राने रात्रभर सोबत करावी, पण उपचाराचे ओझे एकट्याने वाहू नये. डॉक्टर किंवा समुपदेशकापर्यंत पोहोचविणे हे त्याचे कर्तव्य होय.

हे सर्व ठाऊक असूनही तरुण थांबतो. घरी कळले तर काय, पुढे लग्न जमताना आड येईल काय, आपण दुबळे ठरू काय, हे त्याचे प्रश्न असतात. म्हणजे इतरांच्या दृष्टीने आपण उपद्रवी ठरू काय, हीच ती जुनी कसोटी. १८५८ च्या कायद्याने घालून दिलेली ही कसोटी कायद्याच्या पुस्तकातून गेली, पण घराघरांतून गेलेली नाही. ती घालविण्याचे काम न्यायालयाला करता येणार नाही. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रसंगी ती कोणा एका जवळच्या माणसानेच मोडली आहे. गंज पेठेतील एका घराने, एका वृद्ध प्राध्यापकाने, एका संपादकाने, मनोरुग्णालयातील एका डॉक्टर स्त्रीने ती मोडली. सर्वांनी केले ते एवढेच की, समोरच्या तरुणाचा स्वतःविषयीचा शब्द त्यांनी पुरावा म्हणून मान्य केला.

पुणे विद्यापीठाने २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण केले. त्यांच्या घरचे आवाहन गल्लीच्या कोपऱ्यावर, जिच्यासाठी ते होते तिला जाता-येता वाचता येईल अशा जागी लावलेले होते. नावाची गुप्तता राखली जाईल हे तिला आत येण्यापूर्वीच कळत होते. प्रत्येक महाविद्यालयाने, वसतिगृहाने व अभ्यासिकेने आपल्या समुपदेशकाची पाटी कोठे लावली आहे व तीवर काय लिहिले आहे, हे एकदा या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.